प्रार्थना कीटकासाठी घर: आधी छत, मग बाकीचे

प्रार्थना कीटकासाठी, म्हणजेच आपल्याकडच्या खंडोबाच्या किड्यासाठी, घर निवडताना बहुतेक जण काच स्वच्छ आहे की नाही आणि तळाशी काय अंथरावे याचा बारकाईने विचार करतात. छताकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक या कीटकाचा बराचसा वेळ छताला उलटे लटकण्यात जातो आणि कात टाकण्याची क्रियाही तो लटकूनच पार पाडतो. पायांच्या नख्या वर घट्ट रुतवून तो जुन्या त्वचेतून खाली सरकत बाहेर येतो आणि नवे अंग कडक होईपर्यंत तसाच लोंबकळत राहतो. अशा वेळी पकड सुटली किंवा खालची जागा अपुरी पडली, तर पाय वाकडे होतात, पंख चुरगळतात आणि अनेकदा कीटक दगावतो. पिल्लू प्रौढ होईपर्यंत जातीनुसार साधारणपणे सहा ते नऊ वेळा कात टाकते, म्हणजे हा धोका तितक्या वेळा येतो.

म्हणून उंची कीटकाच्या लांबीच्या किमान तिप्पट आणि रुंदी किमान दुप्पट असावी. महाराष्ट्रातल्या बागांमध्ये आढळणाऱ्या हिरोडुला या हिरव्या, धिप्पाड प्रजातीची मादी सुमारे 8 सेंटिमीटर लांब धरली, तर तिला 24 सेंटिमीटर उंच आणि 16 सेंटिमीटर रुंद जागा लागेल. 30 सेंटिमीटर उंची मिळाली तर उत्तमच. माशांची काचेची टाकी लांब व बुटकी असल्यामुळे या कामाची नाही, परंतु ती उभी करून मोकळ्या बाजूला जाळीचे दार बसवल्यास चांगला उपयोग होतो.

स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची पारदर्शक बरणी हा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते नवशिक्यासाठी सर्वांत योग्य पर्याय आहे. तिच्या झाकणाचा मधला भाग कापून तेथे मच्छरदाणीचे कापड आतून ताणून चिकटवावे, म्हणजे हवाही खेळते आणि नख्यांना पकडही मिळते. धातूची जाळी टाळावी, कारण तिच्यात पाय अडकतात आणि घासले जातात. गुळगुळीत प्लॅस्टिकचे छत तर मुळीच ठेवू नये. एका बाजूला खालच्या भागात बोटभर भोक पाडून त्यात स्पंजचा बोळा बसवावा आणि भक्ष्य तेथूनच आत सोडावे. छताला लटकलेल्या कीटकासह रोज झाकण उघडणे म्हणजे कधी ना कधी त्याचा पाय चेमटणे होय.

घर मोठे असेल तितके चांगले, हा समज पिल्लांच्या बाबतीत चुकीचा ठरतो. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू जेमतेम सेंटिमीटरभर असते, आणि मोठ्या पेटीत सोडलेल्या फळमाश्या त्याच्या आवाक्यात न आल्याने ते उपाशी राहते. त्याला अर्धा लिटरची बरणी पुरते. मात्र तिच्यावर मलमलीसारखे दाट कापड लावावे, कारण मच्छरदाणीच्या भोकांतून फळमाश्या निसटतात. प्रत्येक बरणीत एकच कीटक ठेवावा, कारण भावंडे एकमेकांना खातात.

आतली सजावट मोजकी असावी. खडबडीत सालीच्या दोन-तीन काटक्या तिरप्या लावाव्यात आणि छताखालचा मधला भाग पूर्ण मोकळा सोडावा. तळाशी टिश्यू पेपर किंवा बोटभर जाडीचा कोकोपीटचा थर पुरेसा आहे. बागेतली माती मुंग्या आणि बुरशी बरोबर आणते. काटक्या किंवा पाने कीटकनाशक फवारलेल्या झाडाची नसावीत, हे वेगळे सांगायला नको. परंतु घरातल्या डास मारण्याच्या वड्या, अगरबत्त्या आणि झुरळांचे खडू हीदेखील कीटकनाशकेच आहेत, याचा मात्र अनेकांना विसर पडतो. ज्या खोलीत ती वापरली जातात तेथे हे घर ठेवू नये. मुंग्यांसाठी आपला जुनाच उपाय चालतो: बरणी उलट्या वाटीवर ठेवून ती वाटी पाण्याने भरलेल्या ताटलीत ठेवावी.

हा कीटक भिंतीवरचे थेंब पितो, त्यामुळे पाण्याची वाटी आत लागत नाही. दिवसाआड सकाळी काचेवर हलका फवारा मारावा आणि संध्याकाळपर्यंत आतला भाग कोरडा व्हावा, एवढेच पाहावे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा फवारा रोज लागेल, तर कोकणातल्या पावसाळ्यात तो कमी करावा लागेल, कारण कोंदट बरणीत बुरशी धरते. तेथे बाजूलाही जाळीची खिडकी असावी. साधारण 22 ते 30 अंश सेल्सिअस तापमान हिरोडुलाला मानवते. बंद बरणी थेट उन्हात कधीही ठेवू नये.

कीटकाने खाणे सोडले आणि तो छताला स्थिर लटकून राहिला, तर कात टाकण्याची वेळ जवळ आल्याचे समजावे. उरलेले भक्ष्य, विशेषतः रातकिडे, ताबडतोब काढून घ्यावे, कारण ते असहाय अवस्थेतल्या कीटकाला कुरतडतात. कात टाकून झाल्यावरही अंग कडक होईपर्यंत एक-दोन दिवस काही देऊ नये आणि बरणी हलवू नये.

पूर्ण पंख आल्यानंतर पुन्हा कात टाकली जात नाही. तरीही जड पोटाची मादी उंचावरून पडल्यास तिचे पोट फुटू शकते, म्हणून चढण्यासाठीच्या काटक्या काढून टाकू नयेत. ती फेसासारखी अंड्यांची पिशवी बहुधा काटकीवर किंवा छतावरच चिकटवते. मीलन झाले असेल तर त्यातून शंभराहून अधिक पिल्ले निघू शकतात. पिशवी काटकीवर असल्यास काटकी दाट कापडाच्या झाकणाच्या वेगळ्या बरणीत त्याच स्थितीत टांगावी आणि पिल्ले बाहेर पडताना खाली लोंबकळतात म्हणून तिच्याखाली काही सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी. पिशवी झाकणाला चिकटली असेल, तर ती खरवडू नये. ते झाकण नव्या बरणीला लावून, जाळीवर बाहेरून मलमल बांधावी आणि मादीला दुसरे झाकण करून द्यावे.