जुना टीव्ही गेम परत चालू कसा करायचा: आधी 60 पिनचा स्लॉट बघा

बेळगावात बघा, खानापूर-निपाणीकडं बघा, नव्वदच्या दशकात घेतलेला टीव्ही गेम अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर पडलाय आणि घरातलं कोणीही विचारलं तर सांगणार, "तो गेला". गेलेला नसतोय. माझ्याकडं आलेल्या अशा 'गेलेल्या' मशीनपैकी बहुतेकांची आतली चिप धडधाकट होती, बिघाड होता तो कॅसेट जिथं बसते त्या स्लॉटमध्ये. पण लोक आधी फुंकर मारतात, मग कॅसेट ठोकतात, मग मशीन भंगारात देतात आणि ऑनलाइन नवीन चकचकीत डबडं मागवतात ज्यात तेच चार गेम शंभर नावांनी भरलेले असतात. ते करू नका. खाली सांगतोय त्या क्रमानं करा.

आधी आपल्या हातात काय आहे ते कळू दे. निन्टेन्डोनं 15 जुलै 1983 ला जपानमध्ये फॅमिली कॉम्प्युटर काढला, ज्याला सगळे फॅमिकॉम म्हणतात. आपल्याकडं समुराई, मीडिया, लिटल मास्टर असल्या नावांनी जे घरोघरी आलं ते त्याचंच क्लोन, म्हणजे नक्कल, म्हणून त्याची कॅसेट 60 पिनची. अमेरिकेत 1985 ला आलेल्या एनईएसची, म्हणजे निन्टेन्डोच्याच तिकडच्या मशीनची कॅसेट 72 पिनची, ती यात बसत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण यूट्यूबवरचे अर्धे सल्ले एनईएससाठी असतात आणि आपली माणसं ते इथल्या क्लोनवर करून बसतात.

मशीन कुठून आणि कसलं घ्यायचं

दसरा-दिवाळीच्या आधी लोक माळे रिकामे करतात, तेव्हा ओळखीपाळखीत सांगून ठेवा. भंगारवाल्याला पण सांगा, तो कन्नडमध्ये बोलू दे नाहीतर मराठीत, "टीव्ही गेम" म्हटलं की त्याला कळतंय. चालू आहे का बंद हे बघूच नका, मागचे स्क्रू काढू देत असेल तर आत बघा. 40-40 पायांच्या दोन मोठ्या चिप दिसल्या, त्यावर यूए6527 आणि यूए6538 असं काही छापलेलं असलं, तर डोळे झाकून घ्या, ते जुनं आणि दुरुस्त करण्यासारखं मशीन. आत नुसता एक काळा डांबरासारखा ठिपका असला तर ते नंतरचं, सगळं एका चिपमध्ये कोंबलेलं. तेही चालतं, पण ठिपक्याखालची चिप गेली तर तिथं कोणाचंच काही चालत नाही.

अडॅप्टर

मूळ अडॅप्टर बहुतेक हरवलेला असतोय आणि मग घरातल्या वायफायच्या डब्याचा अडॅप्टर लावला जातो, पिन बसतेय म्हणून. थांबा! वायफायचा अडॅप्टर साधारण 12 व्होल्टचा आणि मधला भाग प्लस असतोय. असली फॅमिकॉमला 10 व्होल्ट डीसी लागतो आणि मधला भाग मायनस. क्लोनही बरेचसे 9 व्होल्ट आणि मधला मायनस असेच आहेत, पण सगळे नाहीत, म्हणून मशीनच्या पाठीवर किंवा बुडाला छापलेली, मधला भाग प्लस का मायनस ते दाखवणारी गोल-टिंबाची खूण वाचल्याशिवाय काहीही लावू नका, आणि खूण पुसली असेल तर मल्टिमीटरनं बघा. आत 7805 नावाचा रेग्युलेटर असतोय, तो येणाऱ्या करंटचे 5 व्होल्ट करतो आणि वरचं सगळं उष्णतेत घालवतो, म्हणून 12 व्होल्ट दिलं की तो भाजतो. उलटा करंट गेला तर मात्र भाजण्यावर भागत नाही, स्वस्त मशीनमध्ये तो अडवायला डायोड असतोच असं नाही. एनईएसचा अडॅप्टर तर एसी देतो, तो क्लोनला चुकूनसुद्धा नको.

स्लॉट

इथं घाई केली की सगळं वाया. मला सगळ्यात जास्त छळलं ते या स्लॉटनं, त्यामुळं जरा सविस्तर.

आपल्याकडचा पाऊस माहीत आहेच, जांबोटी-कणकुंबीकडं तर घरातल्या भिंतींना ओल येते. त्या हवेत वर्षानुवर्षं मशीन पडून राहिलं की पिनांवर काळपट थर चढतो, कॅसेटच्या तांब्याला हिरवट बुरशीसारखं काहीतरी येतं. असली निन्टेन्डोच्या कॅसेटला सोन्याचा मुलामा असायचा, क्लोनच्या कॅसेटला बऱ्याचदा नाममात्र किंवा काहीच नाही. त्यात आपण सगळ्यांनी लहानपणी मारलेल्या फुंकरा. फुंकरीत ओलावा असतोय, तो धातूला खातो, निन्टेन्डोनंही स्पष्ट सांगितलंय की कॅसेटमध्ये फुंकू नका. मग फुंकल्यावर गेम चालू कसा व्हायचा? कॅसेट काढून परत घातल्यानं पिन जराशी सरकून बसायची, एवढंच. फुंकरीचं त्यात काही नव्हतं.

साफ करायच्या आधी बिघाड वाचायला शिका, हे कोणी सांगत नाही आणि निम्मं काम यातच होतंय. 60 पिनांच्या स्लॉटचे मधोमध डावा-उजवा असे दोन भाग धरा. एका अर्ध्यातून प्रोग्राम जातो, म्हणजे गेम काय करणार ते. दुसऱ्या अर्ध्यातून चित्रं जातात. स्क्रीन एकाच रंगाची होऊन गप्प बसली तर पहिला संशय प्रोग्रामच्या अर्ध्यावर. गेम चालू आहे, आवाज बरोबर, मारिओ उडी पण मारतोय, पण त्याच्या अंगाचे तुकडे झालेत आणि अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी दिसतंय, तर चित्रांचा अर्धा. आता कुठला अर्धा कुठला हे कसं कळणार, तर चार कोपऱ्यांतल्या पिनांपैकी एकच ग्राउंडला जोडलेली असतेय, 7805 च्या पत्र्याला मल्टिमीटरची एक काडी लावा, दुसरी काडी कोपऱ्यांना लावत जा, जिथं बीप वाजेल ते टोक प्रोग्रामचं. आणि असली फॅमिकॉममध्ये आवाजसुद्धा कॅसेटमधून फिरून येतो, 45 आणि 46 नंबरच्या पिनांवरून, मागच्या ओळीत बरोबर मध्याजवळ. चित्र झकास पण आवाज नाही असं झालं तर तिथं बघा, काही क्लोनमध्ये पण हीच रचना ठेवलेली सापडते.

आता सफाई. लागतंय ते 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडं 'आयपीए' म्हणून मागा. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि बऱ्याचदा ग्लिसरीन असतंय, ते पिनांवर चिकट बसतं. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक खातात. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारला की दोन दिवस मशीन छान चालतंय आणि मग त्या तेलावर धूळ बसून आधीपेक्षा वाईट होतंय, हा सल्ला देणाऱ्यानं नंतर ते मशीन परत उघडून बघितलेलं नसतंय. आणि स्लॉट काढून पाण्यात उकळा म्हणतात तो उपाय एनईएसच्या सुट्ट्या निघणाऱ्या 72 पिनच्या जोडणीसाठी, आपल्या क्लोनमध्ये स्लॉट बोर्डावर डाखलेला असतोय.

करंट काढा. लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, कॅसेटच्या आतल्या बोर्डाएवढा रुंद कापा, त्यावर जुनं पातळ सुती कापड एकच पदर ताणून गुंडाळा. एकूण जाडी कॅसेटच्या बोर्डाएवढीच हवी, जास्त झाली तर पिना कायमच्या फाकतात आणि मग पातळ बोर्डाची कॅसेट कधीच नीट लागत नाही, हे लक्षात ठेवूनच कापड निवडा. कापड आयपीएत ओलं करा, टपकत नको. सरळ आत, सरळ बाहेर. डावीउजवीकडं हलवायचं नाही, मागंपुढं तर नाहीच नाही. कापड काळं झालं की पुढचा भाग घ्या, कापड स्वच्छ निघेपर्यंत चालू ठेवा, कंटाळा येतो पण अर्ध्यात सोडलं तर सुटलेली घाण परत पिनांवरच वाळते. मग वाळू द्या. उन्हाळ्यात पंधरा मिनिटं पुरतात, पावसाळ्यात मी रात्रभर ठेवतो.

एवढं करून पण तोच अर्धा दगा देत असेल तर टॉर्च लावून स्लॉटमध्ये वरून बघा. सगळ्या पिना एका रेषेत, सारख्या पुढं आलेल्या दिसल्या पाहिजेत. एखादी मागं दबलेली असली तर शिवायच्या बारीक सुईनं तेवढीच, केसभर पुढं ओढा. सगळ्या ओढत बसू नका, पिन तुटली तर अख्खा स्लॉट बदलावा लागतो. पिना पण ठीक असतील तर बोर्ड उलटा करा आणि स्लॉटखालचे डाखाचे टाके, म्हणजे सोल्डरचे जोड, भिंगातून बघा. वर्षानुवर्षं कॅसेट दाबून घातल्यामुळं तिथं गोल बारीक तडा जातो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जरा फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावतात ते) लावून त्या टाक्यांवर गरम सोल्डरिंग आयर्न टेकवलं की काम होतंय. हे स्वतःला जमत नसेल तर टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या माणसाकडं जा, "स्लॉटचे ड्राय सोल्डर काढून द्या" एवढंच सांगा, आणि तो नवीन मशीन घ्या म्हणाला तर दुसरा माणूस गाठा. स्लॉटच बदलायचा झाला तर 60 पिनचा, दोन पिनांत 2.54 मिलिमीटर अंतराचा मागा.

कॅसेट

कॅसेट उघडा, तेच आयपीए, कानात घालायच्या कापसाच्या काडीनं पुसा. हिरवं निघत नसेल तर पांढरा मऊ खोडरबर हलक्या हातानं, मग परत आयपीए. काडीपेटीची बाजू, सँडपेपर, तारेची घासणी यातलं काहीही नको, तांब्याचा थर मुळात पातळ आहे, तो गेला की कॅसेट संपली.

गोळा करताना '9999999 इन 1' च्या मागं धावू नका, आत मोजकेच गेम असतात आणि बाकी सगळं त्याच गेमच्या वेगवेगळ्या लेव्हल. एकाच गेमच्या कॅसेट शोधा. बॅटल सिटी, सर्कस चार्ली, अ‍ॅडव्हेंचर आयलंड, कॉन्ट्रा सुट्ट्या मिळाल्या तर सोडू नका, आणि वरचा स्टिकर फाटलेला असला म्हणून भाव करा पण नाकारू नका.

टीव्ही आणि रिमोट

एव्हीची पिवळी पिन असेल तर तीच वापरा, अँटेनाच्या वायरनं लावायचं असेल तर व्हीएचएफवर 3 किंवा 4 चॅनल शोधा. घरात जुना डब्याचा टीव्ही असेल तर तो जपा. डक हंट या बदकं मारायच्या गेमची बंदूक फक्त त्यावरच चालते, ट्रिगर ओढल्यावर स्क्रीन क्षणभर काळी होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला सेन्सर तो त्याच क्षणी बघतो, एलईडी टीव्हीत चित्र उशिरा पोचतं म्हणून नेम लागूच शकत नाही. त्या डब्याच्या टीव्हीचं मागचं झाकण मात्र स्वतः उघडायचं नाही, बंद असला तरी आत जीव घेण्याइतका करंट साठलेला असू शकतो.

गेम खेळायच्या रिमोटची बटणं दबत नसतील तर आतलं रबर आणि बोर्डावरचा काळा भाग आयपीएनं पुसा. तपासायला कॉन्ट्रा लावा, सुरुवातीच्या स्क्रीनवर वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, मग स्टार्ट. 30 जीव मिळाले तर चारी दिशा, दोन्ही बटणं आणि स्टार्ट सगळं बरोबर आहे. मल्टी कॅसेटमधली कॉन्ट्रा कधीकधी आधीच बदललेली असते, म्हणून ही तपासणी सुट्ट्या कॅसेटवर करा.

पावसाळ्याआधी

मे संपायच्या आत सगळ्या कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, बुटांच्या खोक्यात मिळतात त्या वाळवून वापरल्या तरी चालतात. मशीन प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवू नका, आधीच ओल असेल तर ती आतच कोंडते. महिन्यातून एकदा काढून थोडा वेळ चालवा. आणि ठेवताना स्लॉटमध्ये कॅसेट अडकवून ठेवायची नाही, धूळ जाऊ नये म्हणून बरेच जण तसं करतात पण पिना महिनोन्‌महिने दबून सैल होतात, धुळीसाठी वरून नुसता कापडाचा तुकडा टाका.