गणित कच्चं आहे म्हणून करिअर ठरवताय? या चुका टाळा

दहावीच्या पूर्वपरीक्षेत गणितात जेमतेम पस्तीस पडले की घरात ठरतं, "हिला गणित नसलेलं काहीतरी बघू." पण नेमकं कोणतं गणित जमत नाही, हे तोवर कुणी पाहिलेलंच नसतं.

एकूण गुणांच्या बेरजेवरून निदान करणं

राज्य मंडळात भाग १ (बीजगणित) आणि भाग २ (भूमिती) असे ४० गुणांचे दोन पेपर असतात, उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. पूर्वपरीक्षेचे तपासलेले दोन्ही पेपर समोर घ्या आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहा: रीत माहीत नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ पुरला नाही.

बीजगणितातले बरेच गुण सहावी-सातवीच्या कच्च्या पायामुळे जातात. १२ − (७ − ५) चं उत्तर १० ऐवजी ० येत असेल, तर कंसाबाहेरच्या वजा चिन्हाने आतली चिन्हं बदलतात हे डोक्यात बसलेलं नाही. अशा मुलाकडून वर्गसमीकरणं घोटवून घेण्यात अर्थ नाही. आधी पूर्णांक, अपूर्णांक आणि शेकडेवारी रोज वीस मिनिटं करून घ्या. भूमितीत गुण बरे आणि बीजगणितात कमी असतील, तर मुलाची आकृतीची जाण चांगली असू शकते. डिझाइन किंवा ड्राफ्ट्समन (तांत्रिक आराखडे काढणारा) यांसारखा आयटीआयचा ट्रेड, म्हणजे व्यवसाय-अभ्यासक्रम, अशांनी जरूर तपासावा.

अक्षमतेला आळस समजणं

वर्षानुवर्षं घोकूनही पाढे टिकत नाहीत, घड्याळ आणि सुटे पैसे यांत गोंधळ होतो, अंकांची अदलाबदल होते, पण बाकीचे विषय ठीक आहेत? मग डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे अंक आणि गणित समजण्यातल्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेची, तपासणी करून घ्या. अशा अक्षमतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे आणि प्रमाणपत्र असेल तर मंडळाच्या परीक्षेत सवलती मिळतात. तपासणी आणि कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून नववीतच सुरुवात करा. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून हाती फारसं लागत नाही.

कोर्सच्या नावावरून "यात गणित नाही" असं धरून चालणं

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. गणित टाळायला पॉलिटेक्निकला गेलेल्या मुलाला पहिल्याच वर्षी गणिताचा पेपर भेटतो. आयटीआयच्या अभियांत्रिकी ट्रेडमध्ये वर्कशॉप कॅल्क्युलेशन, म्हणजे कार्यशाळेतल्या कामाची आकडेमोड, असते. सीए होण्यासाठीच्या पहिल्या परीक्षेचा, म्हणजे सीए फाउंडेशनचा, एक १०० गुणांचा पेपर गणित, सांख्यिकी आणि तर्कावर आहे, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापून. मानसशास्त्र घेणाऱ्यांनाही पुढे सांख्यिकी चुकत नाही.

नर्सिंगच्या प्रवेशाला बारावीचं गणित लागत नाही, वॉर्डात मात्र लागतं: ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचं आहे, सलाइनची नळी (सेट) एका मिलीला २० थेंब सोडणारी आहे. १०,००० थेंब भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. पोलीस भरतीत अंकगणित आहे, क्लॅटमध्ये (विधी अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा) सुमारे दहा टक्के भाग आकडेमोडीचा, यूपीएससी पूर्वपरीक्षेच्या सीसॅट या आकलन, तर्क आणि अंकगणिताच्या पेपरमध्ये ३३ टक्के मिळवावेच लागतात.

यातलं बरंचसं गणित दहावीपर्यंतचंच आहे: शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग. अकरावी-बारावीचं कॅल्क्युलस (कलन) जमत नाही म्हणून हे रस्ते सोडायचं काहीच कारण नाही. कोर्स निवडण्याआधी त्याचा पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम आणि प्रवेश परीक्षेची एक जुनी प्रश्नपत्रिका उघडून पाहा, तासाभराचं काम आहे.

अकरावीत घाईने गणित सोडणं

विज्ञान शाखेत गणिताशिवाय जीवशास्त्राचा गट घेता येतो. फार्मसी, फिजिओथेरपी, नर्सिंग, कृषी या वाटा खुल्या राहतात, अभियांत्रिकी आणि वास्तुकलेची जवळपास मिटते. कॉमर्समध्ये गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेता येते, बी.कॉम.ला त्याने अडत नाही. अर्थशास्त्र किंवा डेटाच्या कामाची ओढ असेल, तर मात्र कष्ट पडले तरी गणित ठेवा.

नापास झालं की वर्ष गेलं असं समजणं

एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर (राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर) अकरावीला प्रवेश मिळतो, आणि फेब्रुवारी-मार्चनंतर त्याच उन्हाळा-पावसाळ्यात पुरवणी परीक्षा असते. त्या मधल्या आठवड्यांत सगळं पुस्तक पुन्हा उघडू नका. भाग १ मधून अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी आणि अंकगणिती श्रेढी. भाग २ मधून पायथागोरसचं प्रमेय, भौमितिक रचना आणि निर्देशक भूमिती, एवढी प्रकरणं आधी पक्की करा.