1948 ची सांतियागोतली स्पर्धा: लिहिताना आणि क्विझ काढताना या चुका टाळा

वर्ल्ड कप किंवा कोपा अमेरिका जवळ आलं की सगळ्यांना अचानक साउथ अमेरिकन फुटबॉलचा इतिहास आठवतो. मग 1948 ची ती एकदाच झालेली क्लब चॅम्पियन्सची स्पर्धा कुठूनतरी वर येते, आणि दरवेळी त्याच त्या चुका घेऊन येते. आता वैताग आलाय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी थोडक्यात काय झालं ते. चिलीच्या कोलो कोलो क्लबने पुढाकार घेतला आणि सांतियागोच्या एस्तादिओ नासिओनालवर 11 फेब्रुवारी ते 17 मार्च 1948 या काळात सात क्लब खेळले. ब्राझीलचा वास्को द गामा, अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट, उरुग्वेचा नासिओनाल, पेरूचा म्युनिसिपाल, इक्वेडोरचा एमेलेक, बोलिव्हियाचा लितोराल आणि यजमान. वास्को एकही मॅच न हरता जिंकलं.

आता सगळ्यात मोठी चूक, जिने माझं डोकं फिरवलंय: या स्पर्धेला फायनल होती असं समजणं. फायनल नव्हती, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, बास. कोल्हापुरात एका मंडळाच्या क्विझला गेलो होतो, तिथं अर्धा हॉल ब्राझीलवाला, अर्धा अर्जेंटिनावाला, वातावरण आधीच तापलेलं. प्रश्न आला, 1948 च्या फायनलचा निकाल काय? आणि कार्डावर उत्तर होतं, '0-0, वास्को पेनल्टी शूटआउटवर विजयी'. अहो, शूटआउटचा नियमच 1970 साली आला! घोळ कुठून झाला असणार तेही लगेच कळतं. 14 मार्चला वास्को-रिव्हर मॅच खरंच 0-0 झाली आणि वास्कोचा गोलकीपर बार्बोसा याने त्या मॅचमध्ये रिव्हरच्या लाब्रुनाची पेनल्टी अडवली. कोणीतरी हे दोन तुकडे जोडले, दुसऱ्याने कॉपी केलं, तिसऱ्याने कार्ड छापलं. मागच्या रांगेतून एक अर्जेंटिनावाला ओरडला, "ड्रॉ झाली तर कप निम्मा निम्मा का?" आणि मग जो दंगा सुरू झाला तो चहा येईपर्यंत थांबला नाही. क्विझमास्तर मोबाइल नाचवत 'हे बघा, इथं लिहिलंय' एवढंच म्हणत होता. अरे लिहिलंय तर लिहिलंय, दोन मिनिटं हिशोब कर ना!

तो हिशोब मी कार्डाच्या मागच्या बाजूला करून दाखवला. त्या मॅचआधी वास्कोचे 5 मॅचमध्ये 9 पॉइंट, रिव्हरचे 4 मॅचमध्ये 6. ड्रॉ झाली, वास्को 10 वर जाऊन मोकळं झालं, रिव्हर 7 वर आणि हातात एकच मॅच. ती कोलो कोलोविरुद्ध, ती जिंकूनही (विजयाला तेव्हा 2 च पॉइंट) रिव्हर 9 वरच थांबलं. म्हणून वास्कोचं विजेतेपद 14 मार्चलाच पक्कं झालं, आणि 'वास्को 17 मार्चला जिंकलं' लिहिणारेही चुकतात, ती फक्त स्पर्धेची शेवटची तारीख.

यातूनच दुसरी चूक, पॉइंट. तेव्हा विजयाला 2 पॉइंट होते, 3 नाही. आजच्या सवयीने वास्कोला 14 देणारी टेबलं मी पाहिली आहेत. माझी सवय अशी की कुठलंही जुनं टेबल दिसलं की आधी पॉइंटांची बेरीज मारायची. सात टीम म्हणजे 21 मॅच, प्रत्येक मॅचला 2, म्हणजे बेरीज 42 च यायला हवी. मग केलेले गोल आणि खाल्लेले गोल यांची बेरीज सारखी येते का ते बघायचं. नाही आली तर ते टेबल फेकून द्यायचं, दुरुस्त करत बसायचं नाही. ॲप वगैरे लागत नाही याला, पेन्सिल पुरते, पण नव्या पोरांना पेन्सिल धरायचाच कंटाळा.

तिसरी, 'फ्रेंडली होती' विरुद्ध 'ऑफिशियल होती' ही हाणामारी. दोन्ही बाजू आजचा चष्मा लावून भांडतात. पुढे दरवर्षी भरेल अशी स्पर्धा ती झाली नाही, एकदाच झाली. पण कॉन्मेबोलने, म्हणजे साउथ अमेरिकन फुटबॉल महासंघाने, 1996 मध्ये या विजेतेपदाला मान्यता दिली आणि त्याच जोरावर वास्को 1997 च्या सुपरकोपात, म्हणजे आधीच्या विजेत्यांच्या स्पर्धेत, खेळलं. मान्यता कधीची आणि स्पर्धा कधीची, दोन्ही तारखा लिहा, भांडण तिथंच अर्धं मिटतं. 'पहिली लिबर्तादोरेस' मात्र लिहू नका. ती, म्हणजे साउथ अमेरिकन क्लबांची आजची मुख्य स्पर्धा, 1960 ला सुरू झाली, पहिला विजेता पेन्यारोल, आणि लिबर्तादोरेस हे नावसुद्धा 1965 पासूनचं.

रिव्हरच्या टीममध्ये पेदेर्नेराला घुसवू नका. 'ला माकिना', म्हणजे रिव्हरची 1940 च्या दशकातली गाजलेली फॉरवर्ड लाइन, म्हटलं की लोक पाचही नावं पाठ म्हणतात, पण तो तोवर क्लब सोडून गेला होता. तरुण दी स्तेफानो मात्र होता.

क्लबच्या नावापुढे शहर लिहाच. नासिओनाल म्हणजे मोंतेविदेओचा, मेदेयिनचा नव्हे. रिव्हर प्लेट मोंतेविदेओतही आहे, लिव्हरपूलसुद्धा आहे, आणि ग्वायाकिलमध्ये बार्सेलोना आहे.

1951 ची ब्राझीलमधली कोपा रिओ आणि 1952 पासूनची व्हेनेझुएलातल्या काराकासची स्पर्धा यात मिसळू नका, तिथं युरोपातले क्लबही होते.

आणि फोटो! 'वास्को फुटबॉल' सर्च करून पहिला आलेला फोटो चिकटवू नका. गोव्यातल्या वास्को शहराचा क्लब वेगळा, रिओचा वेगळा. ब्राझीलच्या लेखावर गोव्याच्या पोरांचा फोटो मी स्वतः पाहिलाय, आणि खाली लोक बार्बोसा कुठला ते शोधत होते.