सीलिंग मशीनचे पट्टे आणि अलीबाबाची बटणं

नमकीनवाल्यांची पिशव्या बंद करायची सीलिंग मशीन नेमकी दिवाळीच्या तोंडावर बिघडतात. इंदूरच्या सियागंजात माझं सुट्या भागांचं दुकान आहे, म्हणून सांगतो. सकाळी शटर अर्धं वर जातं न जातं तोच कोणीतरी जळकी पट्टी नाचवत उभा असतो, ‘भिया, पट्टा फिर जल गया.’ हे टेफ्लॉनचे पट्टे मी गेली काही वर्षं चीनमधून, अलीबाबा या साइटवरून मागवतो. बिरादरीतली मुलं ‘काका, कसं करायचं?’ म्हणून विचारतात. तर एकदाच लिहून टाकतो.

साइट उघडायच्या आधी माल मोजा. ‘सीलिंग मशीनचा पट्टा’ असं सांगून भागत नाही. माझा पट्टा ७७० मिमी लांब आणि १५ मिमी रुंद. जुना पट्टा फूटपट्टीशेजारी सपाट ठेवून फोटो काढा, भाषेचा अर्धा घोळ तिथेच मिटतो. विकायला माल आणणार असाल तर डीजीएफटीकडून, म्हणजे परदेशी व्यापाराच्या सरकारी खात्याकडून, आयात-निर्यात कोड काढा. ५०० रुपये फी, काम ऑनलाइन, आणि नंबर म्हणजे तुमचा पॅनच.

मग नेमकं कुठे खरेदी करताय ते समजून घ्या, कारण अलीबाबा हे एक दुकान नाही. जॅक मा हा हांगचौचा इंग्रजीचा मास्तर. १९९९ मध्ये त्याच्या फ्लॅटमध्ये अठरा जणांनी मिळून ही कंपनी काढली. डोक्यात एकच होतं, चीनमधल्या छोट्या कारखान्यांना परदेशी गिऱ्हाईक मिळवून द्यायचं. ती मूळची साइट आजही घाऊकच आहे. म्हणून तिथे एका नगाला एक भाव, पाचशेला दुसरा, आणि ‘कमीत कमी इतके घ्या’ अशी अट. ताओबाओ २००३ ची, ती चिनी घरगुती गिऱ्हाइकांसाठी. अलीएक्सप्रेस २०१० ची, किरकोळ. तिच्या ॲपवर आपल्याकडे नोव्हेंबर २०२० मध्ये बंदी आली, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. ‘अकरा-अकराचा सेल लागू दे, मग घेऊ’ म्हणणारेही भेटतात. तो ११ नोव्हेंबरचा सेल २००९ साली २७ ब्रँडांना घेऊन सुरू झाला, पण तो किरकोळ गिऱ्हाइकांचा. आपल्या पट्ट्यांना त्याचं काय?

आता विक्रेता निवडणं. इथे लोक फसतात ते ‘गोल्ड सप्लायर’ या शब्दाला. सोनं म्हटलं की आपला माणूस विरघळतो. पण हे वर्षाची फी भरून घेतलेलं सदस्यत्व आहे, २००० सालापासूनचं. २०११ च्या सुरुवातीला कंपनीनेच कबूल केलं की अशा २,३०० हून जास्त गोल्डवाल्यांनी गिऱ्हाइकांना गंडवलं होतं, आणि त्यांना आत घ्यायला कंपनीच्याच शंभरेक विक्री कर्मचाऱ्यांनी हातभार लावला होता. तेव्हाचे सीईओ डेव्हिड वेई यांनी राजीनामा दिला. त्यामुळे बिल्ला बघून भुलू नका. दुकान किती वर्षं चालू आहे, त्याच मालाचं परीक्षण कोणी लिहिलंय का, ते बघा. व्हिडिओ कॉलवर कारखाना दाखवायला सांगा. टाळाटाळ केली की पुढचा बघा. यादीत सगळ्यात वर दिसतो तोच चांगला असंही नाही. वरच्या जागेचे पैसे लागतात, जत्रेत देवळाच्या दाराशी दुकान लावायला लागतात तसे.

पैशाचा मुद्दा जरा नीट वाचा, इथे मी स्वतः तोंडावर पडलोय.

ताओबाओ निघाली तेव्हा अमेरिकेची ईबे ही ऑनलाइन विक्रीची कंपनी चीनमध्ये आधीच पाय रोवून होती. ताओबाओने विक्रेत्यांकडून फी घेतली नाही, हे एक. पण खरी अडचण विश्वासाची होती. आधी पैसे कोण पाठवणार, की आधी माल? त्यावर अलीपे निघालं. पैसे मध्ये राहणार, माल मिळाला असं गिऱ्हाइकाने सांगितलं की मगच विक्रेत्याला जाणार. २००६ संपता संपता ईबेने तिथली आपली साइट गुंडाळली. घाऊक साइटवर ‘ट्रेड अश्युरन्स’ म्हणजे सौद्याची हमी दिसते, त्यामागे हाच विचार आहे.

हे माहीत असूनही एका विक्रेत्याने चॅटवर ‘थेट या खात्यात टाका, चार टक्के कमी’ म्हटलं आणि मी टाकले. दोनशे पट्टे आले, ७५० मिमीचे. वीस मिलिमीटर म्हणजे केवढं? बोटाच्या एका पेराएवढं. पण पट्टा कप्पीवर चढतच नाही. पैसे साइटबाहेरून गेलेले, तक्रार करणार कुठे? तो गडी पुन्हा बोललाच नाही. पट्टे अजून खिळ्याला टांगलेले आहेत. हिने त्यातल्या दोनांनी गच्चीवरचा तोंडलीचा वेल बांधलाय. टेफ्लॉन आहे, पावसात कुजत नाही.

तेव्हा पैसे साइटवरूनच भरा, आणि माप चॅटमध्ये नाही, ऑर्डरच्या करारात लिहून घ्या. पैसे विक्रेत्याच्या वैयक्तिक खात्यात मागितले तर समजून जा.

भाव विचारताना ‘एफओबी’ की ‘ईएक्सडब्ल्यू’ तेही विचारा. पहिल्यात माल बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा खर्च त्याचा, दुसऱ्यात कारखान्याच्या दारापासून सगळा तुमचा. थोडा माल कुरियरने येतो, जास्त असला तर न्हावाशेवा बंदरातून इंदूरजवळच्या पिथमपूरच्या ड्राय पोर्टला, म्हणजे कस्टमच्या कोरड्या बंदराला. ड्यूटी किती लागेल ते ऑर्डरच्या आधी कस्टमच्या एजंटाला विचारा. चिनी नववर्षात, जानेवारी-फेब्रुवारीत, कारखाने बंद असतात, त्या दिवसांत घाई करून उपयोग नाही.

माल आला की खोकं फोडताना मुलाच्या हातात मोबाईल द्या, व्हिडिओ चालू. ‘माल मिळाला’ हे बटण लगेच दाबू नका, तक्रारीची मुदत ऑर्डरवर लिहिलेली असते, ती बघा. मी आता वेगवेगळ्या गठ्ठ्यांतले चार पट्टे काढून दुकानातल्या मशीनवर चढवतो, रिकामी पिशवी सील करून बघतो, आणि मगच बटणाकडे वळतो.