फॅलेनॉप्सिस ऑर्किडची पानं मलूल, मुळं कुजलेली: अखेर फूल आलं

लक्षण: कुंडीत मातीऐवजी भरलेलं शेवाळ (मॉस) ओलं, तरी पानं सुरकुतलेली, लोंबणारी. दोन वर्षं फूल नाही. पाणी वाढवलं, खत दिलं, उन्हात ठेवलं. एक पान भाजलं. फार वाईट वाटलं.

मग रोप कुंडीतून उपसलं. मुळांच्या मधोमध रोपवाटिकेतली जाळीची वाटी, आत चिखल झालेलं शेवाळ. वाटी कापून काढली. तपकिरी, पोकळ मुळं दाबताच साल निघून नुसता दोरा हातात येत होता. ती स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापली. टणक अशी चारच उरली. रोप रात्रभर सावलीत सुकवलं. नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन दिवस पाणी बदलत भिजवून (क्षार निघायलाच हवेत), कोळशासोबत भोकांच्या कुंडीत भरले.

मुळं हिरवी दिसली की पाणी नाही. चंदेरी झाली की दहा मिनिटं कुंडी बुडवून पूर्ण निथळायची. पानांच्या बेचक्यात थेंबही नको. जागा पूर्वेच्या खिडकीची.

पावसाळ्यात नवं पान आलं. डिसेंबरात तीन आठवडे रात्री खिडकी उघडी ठेवली, पुण्याच्या थंडीत. पानाखालून चपटं, हातमोज्यासारखं टोक निघालं, म्हणजे फुलाचा दांडा. गोल टोक असतं तर ते मूळ. मार्चमध्ये पाच फुलं.