मधुमेह: सरकारी रुग्णालयातील आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडे कसे जावे

गोव्यात मधुमेहाचा रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, साखर तपासतो आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन घरी येतो. आहार, व्यायाम, पाय आणि डोळे यांसाठीही सरकारी सेवा आहेत. पण तिकडे पाठवण्याची चिठ्ठी मागितल्याशिवाय ती मिळेलच असे नाही. म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे की आहाराचा सल्ला हवा आहे, गुडघ्यांमुळे चालणे होत नाही, आणि पायांची व डोळ्यांच्या पडद्याची वर्षभरात तपासणी झालेली नाही. त्याप्रमाणे ते म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात अथवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवू शकतात. जाताना चिठ्ठी, जुने अहवाल आणि गोव्यातील रहिवासाचा पुरावा जवळ असावा.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. २०१६ साली सुरू झालेल्या गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. ते नाही म्हणून बाह्यरुग्ण विभागात जाण्याचे कोणी टाळू नये.

आहारतज्ज्ञांची भेट थोड्या वेळाची असते, म्हणून तयारी घरीच करावी. माझी आई पहिल्या भेटीत ‘मी भात थोडाच खाते’ एवढेच सांगून आली आणि तिच्या हाती सर्वांना मिळतो तोच छापील कागद पडला. दुसऱ्या वेळी आम्ही तिची रोजची वाटी सोबत नेली आणि तीन दिवसांचे खाणे वहीत लिहून नेले: सकाळी पेज, दुपारी हुमण (मासळीची आमटी) आणि भात, संध्याकाळी चहाबरोबर पोई (गव्हाचा पाव), रात्री पुन्हा भात. वाटी हातात घेतल्यावर आहारतज्ज्ञांनी मासळी कायम ठेवली, रात्रीचा भात निम्मा केला आणि पेजेबरोबर उसळ घ्यायला सांगितली. तांदूळ उकडा असला तरी तो मोजूनच खावा लागतो, हे तिला त्या दिवशी पटले.

फिजिओथेरपिस्टकडे गुडघ्याचा एक्स-रे असल्यास अवश्य न्यावा, सांगितलेला व्यायाम तिथेच एकदा करून दाखवावा आणि चूक सुधारून घ्यावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

पायांच्या बाबतीत मात्र मुळीच हयगय करू नये. अंगणात किंवा शेतात अनवाणी वावरणाऱ्या माणसाला मधुमेहामुळे संवेदना कमी झाल्यावर काटा रुतलेलाही कळत नाही. नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्यांची संवेदना तपासण्याची पद्धत सोपी आहे आणि ती वर्षातून एकदा तरी व्हावी. घरी रोज रात्री तळव्यांखाली आरसा धरून बोटांच्या बेचक्याही पाहाव्यात. जखम दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता केंद्रात जावे.

एचबीए१सी चाचणीत साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज येतो. त्यामुळे आहार बदलल्यावर तीन महिन्यांनी ती करून घ्यावी आणि तो अहवाल वहीसह आहारतज्ज्ञांना व केंद्रातील डॉक्टरांनाही दाखवावा.