हॉपरखाली किती टनाचा लोडसेल घ्यावा?

हॉपर म्हणजे माल साठवून खालून सोडणारं भांडं, लोडसेल म्हणजे त्याच्या पायाखाली बसून वजन मोजणारा सेन्सर. नेहमीची चूक म्हणजे फक्त मालाचं वजन धरणं. लोडसेलवर रिकामा हॉपर, मोटर, गिअरबॉक्स, सगळंच बसतं.

समजा माल २००० किलो, हॉपर ७०० आणि ढवळणीचा सगळा संच ३०० किलो. एकूण ३०००. पाय चार, म्हणून प्रत्येकी ७५० असा सरळ भागाकार करू नका. कडक सांगाड्याचे चार पाय क्वचितच सारखे टेकतात (चार पायांचं स्टूल डुगडुगतं, तसंच), म्हणून भार तिघांवरच आहे असं धरा: १००० किलो. त्यावर माल पडतानाच्या दणक्यासाठी दीडपट, म्हणजे १५००. या मापाचा मिळाला तर उत्तम, नाहीतर २ टनी घ्या. लोडसेलच्या माहितीपत्रकात बहुधा १५० टक्के सुरक्षित ओव्हरलोड दिलेला असतो. तो अपघातासाठी, हिशेबात धरायला नव्हे.

मग ‘असू दे जास्तीचं’ म्हणून थेट ५ टनी का नको? २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा सेल १० व्होल्टच्या पुरवठ्यावर पूर्ण भाराला जेमतेम २० मिलिव्होल्ट देतो. चार २ टनी सेलवर एक किलोमागे २.५ मायक्रोव्होल्ट मिळतात, ५ टनीवर फक्त १. सिग्नल इतका बारीक झाला की शेजारच्या व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) विद्युत गोंगाटानेही आकडा नाचू लागतो. इंडिकेटरला (वजनाचा आकडा दाखवणारं यंत्र) एका विभागामागे, म्हणजे आकड्याच्या सर्वांत लहान पायरीमागे, किमान किती मायक्रोव्होल्ट लागतात ते त्याच्या माहितीपत्रकात असतं. ऑर्डर देण्याआधी तेवढं जुळवून पाहा.

नवीन हॉपर बनवून घेत असाल तर तीनच पाय मागा.